नोटिशीचे नऊ दिवस

"उद्या या," खैरनार मॅडम म्हणाल्या. "कन्सल्टंटसाठी मंगळवार, तीन ते पाच. बाहेर बोर्ड लावलाय."

"मॅडम, आज सोमवार. एका दिवसाने काय बिघडतं?"

"मीही तेच म्हणते. एका दिवसाने काय बिघडतं?"

आणि त्यांनी माझ्या हातातला बायोडेटा घेतला नाही तो नाहीच. समोरच्या रजिस्टरमध्ये पुन्हा डोकं घातलं. मी दोन मिनिटं उभा राहिलो आणि जिन्याकडे वळलो. एचआर खाली होतं, प्लांट हेड चंद्रात्रे साहेबांची केबिन वर. मॅडमना मी जिना चढताना दिसावं, अशाच बेताने चढलो.

ही नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली गोष्ट, तेरा वर्षांपूर्वीची. कंपनीचं नाव लिहीत नाही. गाड्यांना लागणारे प्लास्टिकचे भाग तिथे बनत. माझं प्लेसमेंटचं ऑफिस त्रिमूर्ती चौकात होतं, अजूनही तिथेच आहे. कंपन्यांना माणसं हवी असतात, माणसांना कंपन्या हव्या असतात आणि मध्ये मी असतो. तोंडावर लोक कन्सल्टंट म्हणतात, पाठ वळली की दलाल. दोन्हीची सवय झाली आहे.

खैरनार मॅडमशी माझं पहिल्यापासून जमलं नाही. पंचेचाळिशीच्या, सटाण्याकडच्या, बोलायला तुटक. आलेल्या प्रत्येक बायोडेट्यावर तारखेचा शिक्का मारायच्या, म्हणजे दोन कन्सल्टंटनी एकच माणूस पाठवला तर भांडण नको. ऑफर द्यायच्या आधी उमेदवाराच्या घरी स्वतः फोन करायच्या. घरी कोण कोण असतं, नोकरी बदलणार हे त्यांना माहीत आहे का, असं काहीबाही विचारायच्या. मला वाटायचं, बाईंना लग्न जुळवायचीच हौस. माणूस हवा टूलरूमला आणि चौकशी सासू-सुनांची! एका फाइलवर पंधरा-पंधरा दिवस बसायच्या. तोवर माझा उमेदवार दुसऱ्याने पळवलेला असायचा.

म्हणून मी जिना शोधला होता. चंद्रात्रे साहेब मोकळा माणूस. गेलं की आधी चहा.

"शिरसाठ, तू खाली कशाला तडफडतोस? थेट मला पाठवत जा. बाई कागदं नाचवत बसेल आणि माझं प्रॉडक्शन बोंबलेल."

"मॅडमना राग येतो, साहेब."

"येऊ दे. माणूस कोणाला हवाय? मला ना?"

त्यांना टूलरूमला, म्हणजे साचे बनवण्या-दुरुस्तीच्या विभागाला, इन्चार्ज हवा होता. आधीचा सोडून गेला त्याला दोन महिने झाले होते. साचे दुरुस्तीवाचून पडले होते आणि रोज वरून विचारणा होत होती. माझ्या हातातला बायोडेटा त्यांनी नीट वाचलासुद्धा नाही. "उद्या सकाळी पाठव," म्हणाले.

तो बायोडेटा यशवंत गांगुर्डेंचा होता. सातपूरला देवधरांचा साच्यांचा छोटा कारखाना, तिथे ते चौदा वर्षं होते. खरं सांगायचं तर ते नोकरी शोधत नव्हते, मीच त्यांना शोधलं होतं. असा कारागीर देवधरांकडे आहे, हे मला एका माहीतगाराकडून कळलं होतं. पहिल्यांदा फोन केला तेव्हा ते म्हणाले होते, "माझं बरं चाललंय, साहेब. मालक चांगले हायेत."

मी सोडणारा नव्हतो. तीनदा भेटलो. तिसऱ्यांदा त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी पोहे केले. मोठी मुलगी दहावीला, धाकटी सातवीला. मी म्हणालो, "गांगुर्डे, मालक कितीही चांगले असोत, तिथे तुम्ही कायम हाताखालचेच राहणार. इथे टूलरूम तुमची."

ते म्हणाले, "पोरीच्या शाळेच्या फॉर्मवर बापाचा हुद्दा लिवायचा रकाना असतो ना, साहेब. दर साली कामगार लिवतो. एक साल इन्चार्ज लिवलं असतं." आणि स्वतःशीच हसले. तिथेच मला कळलं, हा माणूस येणार.

मुलाखत कसली, चंद्रात्रे साहेबांनी त्यांना सरळ शॉपवर नेलं. एक साचा आठ दिवस कुणाला सुधरत नव्हता. गांगुर्डेंनी बोट फिरवलं, बॅटरी मारून पाहिलं आणि दहा मिनिटांत दोष दाखवला. साहेबांनी तिथल्या तिथे हात मिळवला. "कधी येताय?"

बस, पोस्ट भरली. आता फक्त ऑफर लेटर खालून, खैरनार मॅडमकडून निघायचं होतं.

ते निघेना.

मंगळवारी तीन ते पाचच्या वेळात जाऊन बसलो. मॅडम म्हणाल्या, "प्रोसेसमध्ये आहे." पुढच्या मंगळवारीही प्रोसेसमध्येच. मध्येच त्यांनी गांगुर्डेंच्या घरी फोन केला. वहिनींनी घेतला. कोण कोण असतं, मुली कितवीला, मिस्टरांनी राजीनामा तर दिला नाही ना? गांगुर्डेंनी घाबरून मला विचारलं, "साहेब, ह्या बाई कोन? त्यांना सांगू का समदं?"

"काही सांगू नका. पुन्हा फोन आला तर म्हणा, शिरसाठ साहेबांशी बोला. एवढंच."

आमच्या धंद्यातला हा पहिला नियम. उमेदवार आणि एचआर परस्पर बोलू लागले की आपण मधून गळतो. गांगुर्डे सरळ माणूस. दुसरा फोन आला तेव्हा त्यांनी अक्षरशः तेवढंच वाक्य म्हटलं आणि ठेवून दिला.

त्याच दुपारी मॅडमनी मला बोलावलं. तेही गुरुवारी. मला वाटलं, निघालं लेटर. गेलो तर त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"गांगुर्डेंना राजीनामा द्यायला सांगू नका."

"का?"

"लेटर हातात नाही म्हणून."

"ते तुमच्याच टेबलावर अडलंय, मॅडम. तुम्ही द्या, आज देतील."

"मी सांगते म्हणून थांबवा त्यांना."

"कारण तरी सांगा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. दमलेल्या दिसत होत्या, हे मला आज आठवतं. तेव्हा दिसलं नव्हतं. म्हणाल्या, "कारण सांगण्यासारखं असतं तर सांगितलं नसतं का?"

मला संताप आला. चांगलं जुळलेलं काम ही बाई फक्त मी जिना चढतो म्हणून मोडायला निघाली आहे, असंच मी धरलं. तसाच वर गेलो आणि सगळं साहेबांच्या कानावर घातलं. चंद्रात्रे साहेब हसले. "अरे, तिला वाटतं कंपनी तीच चालवते. तू सांग गांगुर्डेला, राजीनामा टाक. त्याची एक महिन्याची नोटीस ना? महिन्याभरात लेटर निघालं नाही तर मी स्वतः टाइप करून देईन. माझा शब्द."

आता थांबण्याचं कारण नव्हतं. शिवाय सातपूरच्या आणखी एका कंपनीचा गांगुर्डेंवर डोळा आहे अशी कुणकुण मला लागली होती. माणूस एकदा राजीनामा देऊन मोकळा झाला की इकडे तिकडे बघत नाही. मी गांगुर्डेंच्या घराखाली जाऊन त्यांना फोन केला, खाली बोलावलं आणि म्हणालो, "द्या राजीनामा."

"कागद नाय आला अजून."

"साहेबांनी शब्द दिलाय."

"तुमी म्हनता ना?"

"मी म्हणतो."

त्यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

एकविसाव्या दिवशी कंपनीच्या गेटवर नोटीस लागली. टूलरूम बंद. साचे यापुढे गुजरातमधल्या एका पुरवठादाराकडून बनवून घेणार. टूलरूमच्या अकरा जणांना हिशेब देऊन मोकळं केलं जाईल, प्लांटची फेररचना होईल वगैरे वगैरे. मला फोनवर कळलं. मी स्कूटर काढली आणि अंबड गाठलं. वार कोणता होता ते आठवत नाही, मंगळवार नव्हता.

वर गेलो नाही. कारण जिन्याच्या पायथ्याशीच शिपाई म्हणाला, "साहेब नाहीत. सकाळीच सामान घेऊन गेले." चंद्रात्रे साहेबांनाही घरी बसवलं होतं. सोळा वर्षांची नोकरी, आणि त्यांना स्वतःलाच आदल्या दिवशी दुपारपर्यंत पत्ता नव्हता.

खैरनार मॅडम जागेवर होत्या. मी काही न विचारता समोर बसलो.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"हो."

"केव्हापासून?"

"तुम्ही बायोडेटा घेऊन सोमवारी आलात, त्याच्या आदल्या शुक्रवारपासून. यादी माझ्याकडूनच टाइप करून घेतली."

"मग सांगायचं ना मला! एका शब्दाने सांगितलं असतंत तर..."

"यादीत पहिलं नाव चंद्रात्रे साहेबांचं होतं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी तुम्हाला खरं कारण सांगितलं असतं तर तुम्ही या खुर्चीवरून उठून कुठे गेला असतात?"

माझी नजर दाराबाहेरच्या जिन्याकडे गेली.

"सरळ वर. चहा प्यायला. गेली दोन वर्षं मी तुम्हाला जे काही सांगितलं, ते पाच मिनिटांत वर पोचलंय, शिरसाठ. त्या गुरुवारीसुद्धा पोचलं. आणि हे पोचलं असतं तर माझी नोकरी गेली असती ते सोडाच, आणखी अकरा घरांत आग लागली असती. नकार द्यावा तर साहेब कारण विचारणार. लेटर द्यावं तर माणूस येऊन महिन्यात रस्त्यावर. मला एकच करता येत होतं. उशीर. तो मी केला."

खोटं वाटावं इतक्या शांतपणे त्या बोलत होत्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"राजीनाम्याला किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"एकवीस."

"म्हणजे नऊ दिवस आहेत अजून नोटिशीचे. मग असे बसलात काय? उठा. गांगुर्डेंना घेऊन देवधरांकडे जा आणि राजीनामा मागे घ्या. चौदा वर्षांचा माणूस आहे, देवधर नाही कशाला म्हणतील? उलट सुटल्यासारखं वाटेल त्यांना." त्या जरा हलक्या झाल्यासारख्या वाटल्या. "त्या पोरींचा तरी विचार करून जा."

मी उठलो नाही.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो आणि निघालो.

काही नाही कसं? इथे एक गोष्ट सांगायची राहिली आहे. इतका वेळ मी ती मागे ठेवली, कारण लिहायला हात वळत नव्हता. गांगुर्डेंनी राजीनामा दिला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी देवधरांना फोन केला होता. आमच्या धंद्यात सगळेच करतात. एका कंपनीतून माणूस काढला की तिथे जागा रिकामी होते, आणि ती रिकामी झाल्याचं सगळ्यात आधी आपल्यालाच माहीत असतं. एका दगडात दोन पक्षी. "देवधर साहेब, मी शिरसाठ. तुमच्याकडे डायमेकरची जागा होतेय असं कानावर आलं." कसं कानावर आलं ते सांगितलं नाही. देवधर हवालदिल झालेले होते. पंधरवड्याच्या आत मी त्यांना किशोर अहिरे हा सिन्नरचा तिशीचा डायमेकर, म्हणजे साचे बनवणारा, दिला. तो जुनी नोकरी सोडून सोमवारीच रुजूही झाला होता. गांगुर्डेच त्याला काम शिकवत होते.

कुणी आणलं त्याला, ते गांगुर्डेंना माहीत नव्हतं.

मी त्यांना कारखान्याच्या गेटवर बोलावलं आणि अंबडची बातमी सांगितली. ते हातातल्या फडक्याला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "टूलरूमच नाय ऱ्हायली, मंग इन्चार्ज कशाचा." एवढंच. मला शिवी दिली असती तर घेतली असती.

"मालकांशी बोलू," मी म्हणालो. आत जाताना मनात एक वेडी आशा होती की देवधर दोघांनाही ठेवून घेतील. तेवढं काम नव्हतं हे मला माहीत होतं. अहिरेला लावताना मीच ते त्यांना विचारलं होतं.

देवधर साठीचे. डोळ्यांवर जाड भिंगं, अंगावर निळा कोट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गांगुर्डेंकडे वळून म्हणाले, "यशवंता, तू राजीनामा ठेवलास त्या दिवशी मी जेवलो नाही. विचार हिला, आमच्या हिला."

"चुकलं, मालक."

"चुकलं काय त्यात? माणसाला वर जावंसं वाटतंच. तू आठ दिवसांपूर्वी आला असतास तर मी हा कागद तुझ्यासमोर फाडला असता." त्यांनी भिंगं काढून पुसली. "आता त्या अहिरेला काय सांगू? तो तिकडची नोकरी सोडून आलाय. खोलीसुद्धा घेतलीय त्याने इथे, बायकोला आणतोय रविवारी. दोघांना पुरेल एवढं काम माझ्याकडे नाही, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे."

मग ते माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "शिरसाठ, अहिरेला तुम्हीच आणलात. यशवंताला इथून तुम्हीच नेलंत, हे मात्र मला आज कळतंय. मग दोन्हीकडून तुम्हीच होतात की हो!"

गांगुर्डेंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशी खूप काही बोललो असेन, माफी मागितली असेन, मला आठवत नाही. ते पाहणं आठवतं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "गांगुर्डे, उद्यापासून येऊ नका इथे. माझ्याबरोबर चला. चार कंपन्या फिरू, मी स्वतः बोलतो."

"नोटीस ऱ्हायलीय नऊ दिवस."

"आता कसली नोटीस पाळताय?"

"त्या पोराला मोठ्या मशीनचं नाय कळत अजून." ते आतल्या शटरकडे बघत होते. "जुनं मशीन हाये. एक खोड हाये त्याला. सांगितलं नाय तर हात जाईल पोराचा."

"त्याला कळलंय का, हे आज जे..."

"नाय. आन तुमी बी सांगू नका. मालकांना मी सांगतो आता जाऊन, बोलू नका म्हनून. त्याला कळलं तर त्याचं मन कामात ऱ्हानार नाय. आला बिचारा बिऱ्हाड घेऊन." ते दोन पावलं गेले आणि परत फिरले. मला वाटलं, आता बोलतील. म्हणाले, "घरी येऊ नका, साहेब. ती पोहे करंल."

आणि आत गेले.

मी चार जागा पाहिल्या, पत्ते पाठवले. त्यातल्या एकाही ठिकाणी ते गेले नाहीत. सात महिन्यांनी त्यांना चाकणला काम मिळालं, ते खैरनार मॅडमच्या ओळखीने. हुद्दा टर्नरचा, म्हणजे पुन्हा मशीनवरचा कामगार. घर नाशकात, आठवड्यातून एकदा येणं. हे मला मॅडमनीच सांगितलं, एका मंगळवारी, तीन ते पाचच्या वेळात. त्या वेळेतच मी आता त्यांच्याकडे जातो आणि जिन्याकडे बघत नाही. त्यांनी मला दार बंद केलं नाही, पण विशेष काही सांगतही नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी, नोटीस संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी, अहिरेचा फोन आला. आभार मानायला.

"सर, फार चांगल्या ठिकाणी लावलंत. आणि ते गांगुर्डे मामा, काय माणूस हो! शेवटचे नऊ दिवस हाताला धरून शिकवलं मला. शेवटच्या दिवशी तर आठ वाजेपर्यंत थांबले, वहीत सगळं लिहून दिलं. जाताना सगळ्यांना पेढे दिले."

"पेढे?"

"हो ना. मोठ्या कंपनीत चाललेत म्हणाले, टूलरूम इन्चार्ज म्हणून. मी विचारलं, मामा, कुणी लावलं एवढ्या मोठ्या जागी? तर म्हणाले, शिरसाठ साहेबांनी. तुम्हीच ना, सर?"

"हो," मी म्हणालो.